‘विपर्यास’ नेमका कशाला म्हणायचं?

नाशकात गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: “पुढाऱ्यांच्या तोंडी रोज ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला’ हे वाक्य असतं. विपर्यास म्हणजे खोटी बातमी का? आणि विपर्यय वेगळा का?”

आधी धातू पाहू. वि + परि + अस्. हा अस् ‘असणे’वाला नव्हे, ‘फेकणे’वाला. न्यास, समास, अभ्यास, संन्यास ही त्याचीच पिलावळ. म्हणजे विपर्यासात एखादी गोष्ट उचलून उलटी टाकलेली असते. विपर्ययातला धातू ‘इ’, जाणे. संस्कृतात दोन्ही शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी येतात, पण मराठीनं झकास वाटणी केली आहे: विपर्यय होतो, विपर्यास कुणीतरी करतं. शिंपल्यात चांदी दिसली तर तो विपर्यय, योगसूत्रं ज्याला मिथ्याज्ञान म्हणतात तो. विपर्यासाला हात लागतो. (विशेषण ‘विपर्यस्त’. ‘विपर्यासित’ कृपया नको.)

तेव्हा विपर्यास म्हणजे खोटी बातमी नव्हे. न बोललेलं छापलं तर ते धादांत खोटं. विपर्यासात शब्द बोलणाऱ्याचेच असतात, फक्त पालथे घातलेले.

आणि मराठीत ते फार सोपं आहे, कारण आपला नकार वाक्याच्या शेपटीला असतो. मी इथल्याच एका दैनिकात डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून नाशकात टंचाईच्या वर्षी कसं पेटतं हे सांगायला नको. एक पुढारी म्हणाले, “गंगापूर धरणातून पाणी सोडायला हरकत नाही, असं मी कुठंही म्हटलेलं नाही.” रात्रीचे पावणेबारा, पान सोडायची घाई, कॉपीत वाक्य दोन ओळींत मोडलेलं, आणि माझी नजर पहिल्याच ओळीवर थांबली. मथळा केला: ‘पाणी सोडायला हरकत नाही’. वर एकेरी अवतरणचिन्हंही घातली. सकाळी गावभर बोंब. खुलासा आला तो दुसऱ्या दिवशी, पाचव्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली दोन ओळींत. चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती पाचव्या, हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. ते गृहस्थ ‘विपर्यास’ म्हणाले, आणि शब्द अगदी चपखल होता. पुढच्या पत्रकार परिषदेत त्यांनी आमच्या बातमीदाराला सगळ्यांदेखत उठवून बाहेर काढलं, ते मात्र अन्यायाचं. बातमीदार मथळे करत नाहीत, हे पुढाऱ्यांना कधी कळणार कोण जाणे. चॅनेलच्या चौदा सेकंदांच्या क्लिपमध्ये हेच होतं, फक्त पावणेबारा वाजायची वाट पाहावी लागत नाही.

गंमत अशी की विपर्यासाची सगळ्यात नेटकी तक्रार एका संपादकानं केली आहे, तीही सरकारविरुद्ध. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तल्या मराठी लेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरं कोर्टापुढे होती. टिळकांनी स्वतःच्या बचावाचं भाषण स्वतः केलं, काही दिवस मिळून एकवीस तासांच्या वर. भाषांतरात अर्थ कसा बिघडवला आहे हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. मराठी शब्द कोणता, त्याला इंग्रजी कोणता बसवला आणि छटा कुठं बदलली, हे त्यांनी मांडलं. ज्युरीनं सात विरुद्ध दोन असा कौल दिला, सहा वर्षांची हद्दपारी व्हायची ती झालीच. पण शब्दाला शब्द लावून दाखवण्याची ती रीत पाहा.

‘विपर्यास’ या शब्दाला ती रीत लागतेच. त्याला मागं षष्ठी हवी: कशाचा? मूळ वाक्य काय होतं? ते न सांगता, माइक बाजूला सारत “विकाऊ मीडिया, विपर्यास करता तुम्ही” एवढंच म्हटलं तर ती शिवी झाली, तक्रार नव्हे. ‘तोडून-मोडून दाखवलं’ हेही तसंच, आणि ते हिंदीतून आलेलं. आपल्याकडं ‘मोडतोड’ आहे की!

राहता राहिला एक प्रकार. अख्खी चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली, शब्द तेच, मागचं-पुढचंही तेच, तरी साहेब विपर्यास म्हणतात. त्याला मराठीत दुसरा शब्द आहे: अपलाप. अप + लप्, बोललेलं नाकारणं. ‘सत्याचा अपलाप’ आपण लिहितोच. फक्त अडचण एवढीच की अपलाप करणारा स्वतःसाठी तो शब्द कधी वापरत नाही, त्यामुळे पेपरात तिथंही ‘विपर्यास’च छापून येतो.