बाळंतपणानंतर बायकोने पुन्हा फिटनेस कमावला, पण कौतुक केलं की ती चिडते. कसं करावं?

प्रश्न वाचून आधी हसलो, मग जरा लागलं. कारण ही चूक मी चारचौघांत केलेली आहे.

मुलीचा पहिला वाढदिवस होता. साताऱ्यातलं आमचं घर, वीस-पंचवीस पाहुणे, आणि केक कापायच्या आधी मी मोठ्यांदा म्हणालो, "बघा, परत लग्नातल्यासारखी झाली की नाही?" सगळे हसले, बायकोही हसली. नंतर दोन दिवस ती माझ्याशी दूध, गॅस आणि डायपर एवढ्याच विषयांवर बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वर्षभर मी काय जुन्या ब्लाउजात मावायला मरत होते?"

ती मुळातच पळणारी. लग्नाआधी सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केलेली. 21 किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. बाळंतपण सिझरचं झालं. तीन महिन्यांनी पहिल्यांदा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागली आणि पाच मिनिटांत परत आली. दम लागला म्हणून नव्हे. पळताना लघवीवर ताबा राहत नव्हता. हे मला सांगायला तिने तीन आठवडे घेतले. (इथे लिहायची परवानगी घेतली आहे.) आई म्हणाली, "होतंच तसं, आम्हाला काय झालं नव्हतं?" आत्या म्हणाली, पळू नको, दूध आटेल. दूध आटत नाही. खाणंपिणं पुरेसं असेल तर बेताच्या व्यायामाने काही होत नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही आत्याला आजतागायत पटलेलं नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं साग्रसंगीत झालं, पण ओटीपोटाखालच्या स्नायूंबद्दल एवढ्या बायकांपैकी एकीनेही चकार शब्द काढला नाही.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंच्या मधे तीन बोटं अंतर पडलेलं निघालं. पळणं चार महिने बंद. रोज जमिनीवर पडून श्वास सोडत ओटीपोट आत ओढायचं, लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे-सोडायचे, कंबर उचलून धरायची. बघणाऱ्याला वाटावं, झोपलीय. मी एकदा म्हणालोही, "याने काय होणारे?" खरं तर कौतुकाची वेळ ती होती.

मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. चढाला पळायची, उताराला मुद्दाम चालायची, कारण उतारावर पाय आपटतात आणि सगळा भार खाली येतो. वाढदिवसाच्या पाच दिवस आधी ती पायथ्यापासून वर मंगळाई देवीच्या देवळापर्यंत कुठेही न थांबता गेली. मला माहीत होतं. वीस-पंचवीस माणसांसमोर सांगायचं तर हे सांगायचं होतं, आणि मी काय सांगितलं? लग्नातल्यासारखी.

तेव्हा वजन, कंबर, 'पहिल्यासारखी' हे शब्द बंद करा. काल जमत नव्हतं आणि आज जमलं ते नेमकं काय, ते बघा आणि तेवढंच बोला. ते माहीत नसेल तर कौतुक करू नका, आधी लक्ष द्या.

आणि सकाळी मूल सांभाळा. पावणेसहा ते साडेसात पोरगी माझ्याकडे असते. एकदा थोरले साडू कराडहून सकाळीच आले. मी एका हाताने पोरीला कडेवर घेऊन उपमा हलवतोय. "आमची मेहुणी कुठाय?" म्हटलं, किल्ल्यावर. तर म्हणाले, "फारच मोकळीक दिलीस बाबा." दिली? माझ्या खिशात होती काय तिची मोकळीक? लोक मेरी कोमचा दाखला देतात, 2007 साली जुळी मुलं, 2008 ला पुन्हा जगज्जेती. तो दाखला बायकांनाच ऐकवतात. तेव्हा मुलं नवऱ्याने सांभाळली, हे साडूंना कोण ऐकवणार?

एक राहिलं. आमचं बघून तुम्ही तिला पळायला लावू नका. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर 'सगळं ठीक' म्हणाले म्हणजे पळायची परवानगी नव्हे, निदान तीन महिने तरी थांबतात, सिझर असेल तर कधी जास्तही. टाके दुखत असतील, अंगावरून जात असेल, खाली जडपणा वाटत असेल तर आधी दाखवा. आणि तुमच्या बायकोला 'छान दिसतेस' ऐकायला आवडत असेल तर खुशाल म्हणा, माझीला आवडत नाही एवढंच.

साडू हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तुम्ही नंतर सगळ्या पाहुण्यांत सांगितलंत तसा त्या दिवशी उपमा करपला नव्हता. रवा जास्त भाजला होता. आणि तुम्ही दोनदा घेतला होतात.