गाडीच्या विम्यात जास्तीचं काय घ्यावं?

थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा, कायद्यानेच घ्यावा लागतो, त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नकोस. प्रश्न आहे तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा (ओन डॅमेज) आणि त्यावर जादा हप्ता देऊन घ्यायच्या ॲड-ऑनचा.

आपल्याकडे कोकणात मी पहिलं नाव घेईन ते इंजिन प्रोटेक्टचं. जुलै 2021 मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा दारातल्या गाड्या बुडाल्या. ओन डॅमेजची साधी पॉलिसी पुराचं नुकसान भरते, पण पाणी शिरलेली गाडी चालू करायला गेलास आणि इंजिन जाम झालं, तर तो खर्च बहुतेक वेळा नाकारला जातो. म्हणून खेड, महाड, चिपळूण, बाजारपेठ सखल असलेलं कुठलंही गाव असो, हे घेच. आणि ते घेतलं तरी बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नकोस, बॅटरी काढ आणि टो करून ने.

नवीन गाडीला झिरो डेपही घे, म्हणजे सुट्या भागांच्या जुनेपणाची घट भरपाईतून कापत नाहीत. बंपर प्लास्टिकचा, झिरो डेप नसेल तर त्यावर निम्मी घट कापतात. घाटात घासला की कळतं. नारळ पडून काच फुटली तर मात्र काचेवर घट लागत नाही, केवळ त्यासाठी पैसे घालू नकोस.

गाडी डोंगरावरच्या वाडीत, दहा वर्षांची, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) लाखाच्या आत? मग ओन डॅमेजचा हप्ता आणि आयडीव्ही शेजारी लिहून बघ. हप्ता जड वाटला तर ओन डॅमेज सरळ सोड, पण आधी एजंटकडून प्रत्येक ॲड-ऑनची रक्कम वेगवेगळी लिहून घे.