वाचकांचे प्रश्न : गळाला लागलेला कोरल ट्राउट

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला राहतो. ग्रेट बॅरियर रीफवर बोटीने मासे धरायला गेलो असताना 25 मीटर पाण्यातून एक कोरल ट्राउट (प्रवाळ खडकांत राहणारा मासा) वर आला. भरला 36 सेंटिमीटर, नियमाने किमान 38 हवा, म्हणून लगेच सोडला. पण त्याच्या तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं आणि तो पोट वर करून तरंगतच राहिला. काय चुकलं? आणि दोन सेंटिमीटरसाठी एवढा कडकपणा कशाला?

उत्तर : तो फुगा म्हणजे माशाचं जठर. या माशाचा वाताशय (माशाला पाण्यात तोलून धरणारी पोटातली हवेची पिशवी) चहूबाजूंनी बंद असतो. रोहू-कटल्याच्या वाताशयातून घशाकडे नळी जाते, याला ती नाही, त्यामुळे आतली हवा झटकन सोडता येत नाही. 25 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साडेतीन पट असतो. तिथून मासा दोन मिनिटांत वर ओढला की हवा साडेतीन पट फुगू पाहते, जठराला तोंडावाटे बाहेर ढकलते आणि कधी डोळेही बटाट्यासारखे पुढे येतात. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर त्याला खाली जाताच येत नाही. उन्हात तरंगतो आणि शार्क नाहीतर समुद्रपक्षी त्याला उचलतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तो फुगा टाचणीने फोडणं. फुटतं ते जठर, वाताशय तसाच राहतो. योग्य रीत अशी : हात ओले करून मासा धरा, तापलेल्या डेकवर ठेवू नका, गळ काढायला वेळ लावू नका. मग दाते नसलेला गळ आणि शिसं घ्या. दोन किलोच्या माशाला साधारण एक किलो शिसं लागतं. दोरी गळाच्या वाकाला बांधा, म्हणजे टोक खाली राहील, आणि तो माशाच्या खालच्या ओठाच्या पातळ पडद्यात अडकवा. शिशाच्या वजनाने मासा तळाकडे जातो, दाबाने हवा पुन्हा आकसते, एक हिसका दिला की गळ सुटतो. पोकळ सुईने हवा काढणारेही आहेत, पण सुई छातीच्या परामागे नेमकी कुठे आणि किती तिरकी घालायची हे शिकलेल्यानेच ते करावं. नवख्याने शिसंच वापरावं.

आता दोन सेंटिमीटरचं. क्वीन्सलँडमध्ये (केर्न्स याच राज्यात आहे) साध्या कोरल ट्राउटला किमान 38 सेंटिमीटरची अट आहे (नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत). हा मासा दोन-तीन वर्षांचा झाला की अंडी घालू लागतो. 38 पर्यंत वाढू दिला तर पकडला जाण्याआधी त्याचा निदान एखादा हंगाम पदरात पडतो. निळ्या ठिपक्यांच्या मोठ्या भाऊबंदाला किमान 50 आणि कमाल 80 अशी दोन्हीकडून मर्यादा आहे. ती अधिक शहाणपणाची का, ते पुढच्या उत्तरात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अमावास्येभोवती पाच-पाच दिवस मासेमारी बंद असते. तारखा दर वर्षी सरकतात, बोट ठरवण्याआधी बघून घ्या.

प्रश्न : सगळे कोरल ट्राउट आधी माद्या असतात असं वाचलं. मग नर येतात कुठून? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : माद्यांतूनच. बहुतेक मासे काही वर्षं अंडी घालतात आणि मग त्यांचा अंडाशय वृषणात बदलतो. बदलायची ठरलेली लांबी नाही, एका खडकावर ती कमी, दुसऱ्यावर जास्त असते. मोठ्यांत नर जास्त, एवढं मात्र पक्कं. म्हणजे फक्त किमान लांबीचा नियम कोवळ्या माद्या वाचवतो आणि नरांना उघड्यावर टाकतो. कमाल मर्यादाही असली की मोठे नरही वाचतात.

वसंतात पाणी तापू लागलं की अमावास्येच्या आसपास ते ठरावीक जागी जमतात. नराच्या परांच्या कडा काळ्या पडतात, तो अंग कलतं करून डोकं हलवत मादीभोवती घिरट्या घालतो. सूर्यास्ताच्या सुमारास जोडी एकदम वर झेपावते, टोकाला पोचताच अंडी-शुक्राचा ढग सोडते आणि दोघं परत खाली. सगळं काही सेकंदांत. दर वर्षी जागा तीच, आणि हीच त्यांची कमजोरी. जागा एकदा मच्छीमाराला कळली की तो विखुरलेले मासे शोधत हिंडत नाही.

पिल्लं जवळपास पंचवीस दिवस प्रवाहाबरोबर वाहतात, मग प्रवाळाच्या चुऱ्यावर उतरतात. आधी कोळंबीसारखे जीव खातात, मोठे झाल्यावर मासे. या वाहण्यामुळेच मासेमारी बंद असलेल्या क्षेत्राचा फायदा कुंपणाबाहेर पोचतो. 2004 मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या राखीव क्षेत्राचा मासेमारीबंद भाग पाच टक्क्यांच्या आतून 33 टक्क्यांवर नेला. याच रीफवरच्या केपल बेटांजवळ पिल्लांचे आईबाप डीएनएने शोधले, तेव्हा अवघ्या 28 टक्के बंद खडकांनी परिसरातली निम्मी पिल्लं पुरवल्याचं दिसलं.

प्रश्न : हाँगकाँगच्या हॉटेलात लाल कोरल ट्राउट जिवंतच का ठेवतात? तपकिरी स्वस्त का?

उत्तर : तिथे लाल म्हणजे शुभ. खोल पाण्यातले मासे लाल, उथळ पाण्यातले तपकिरी-हिरवट असतात. चवीत कळण्यासारखा फरक नाही. पैसे रंगाचे, आणि टाकीत ताजेपणा डोळ्यांनी पाहता येतो त्याचे.

प्रश्न : मालवणच्या बाजारातला हेकरू म्हणजे कोरल ट्राउटच का?

उत्तर : नाही, पण कुळ एकच. ऑस्ट्रेलियातला कोरल ट्राउट आपल्याकडे येत नाही. त्याचा जवळचा नातलग लक्षद्वीपला आहे, बित्रा बेटाजवळ तोही अमावास्येला मोठ्या संख्येने जमतो. बाजारात खात्री करायची तर पाठीच्या पराचे टणक काटे मोजा. हेकरूला 11 असतात, कोरल ट्राउटच्या गटाला 7 किंवा 8. शिवाय हेकरूची शेपटी गोलसर, कोरल ट्राउटची मागून सरळ किंवा किंचित आत वळलेली.