लहान गोळी, मोठं जनावर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या शिकारी रायफलींवर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या तोंडांनी विचारलेली दिसली : लहान बोअरच्या, म्हणजे बारीक भोकाच्या नळीच्या, रायफलीनं मोठं जनावर मारता येतं का? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. (.२७५, .३७५ असे आकडे म्हणजे या भोकाची रुंदी, साधारण इंचात.)

बेल नावाच्या शिकाऱ्यानं .२७५ रायफलीनं शेकडो हत्ती मारले म्हणतात. मग आज आफ्रिकेत हत्तीसाठी .३७५ च्या खालची रायफल का चालत नाही? बंदूकवाल्यांचा धंदा तर नाही ना हा? (कोथरूड)

वॉल्टर बेलची गोष्ट खरी आहे. हा स्कॉटिश शिकारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हस्तिदंतासाठी आफ्रिकेत फिरला. त्यानं मारलेले हत्ती हजाराच्या वर गेले आणि त्यातले बरेचसे ७×५७ माउझरनं मारले. यालाच इंग्रज .२७५ म्हणत.

पण त्याच्या काडतुसात गोळी कोणती होती, ते बघा. १७३ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची), लांबट, गोल टोकाची आणि पूर्ण कवचाची सैनिकी गोळी. ती हाडावर आपटून फुलत नाही, सरळ घुसत जाते. गोळीचं पौंडातलं वजन तिच्या इंचातल्या जाडीच्या वर्गानं भागलं की येणाऱ्या आकड्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. गोळी किती खोल जाईल, याचा पहिला अंदाज त्यावरून येतो. बेलच्या गोळीचा हा आकडा साधारण .३१ आणि .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीचाही जवळपास तेवढाच. म्हणजे घुसण्याच्या बाबतीत त्याची रायफल मुळीच लहान नव्हती.

उरला नेम. हत्तीचा मेंदू चार-पाच किलोंचा. तो पोळ्यासारख्या पोकळ हाडाच्या भल्यामोठ्या डोक्यात पार मागे आणि खोल दडलेला असतो. तो नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून बेलनं हत्तीची कवटी करवतीनं कापून पाहिली होती. गोळी त्यापासून चार बोटं चुकली की फरक कळतो. जड गोळी मेंदूजवळून गेली तरी हत्ती बऱ्याचदा भोवळून बसतो, दुसरा बार टाकायला वेळ मिळतो. .२७५ ची गोळी चुकली तर हत्ती चालू पडतो, किंवा तुमच्याकडे वळतो.

कायदा चुकणाऱ्या माणसाला धरून केलेला असतो. नामिबियात हत्ती आणि आफ्रिकी रानम्हशीसाठी नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान ५,४०० जूल लागते. .३७५ मॅग्नम साधारण ५,७०० देते आणि बेलची रायफल ३,००० च्या आसपास. जिम कॉर्बेटकडेही .२७५ रिग्बी होती हे सगळ्यांना आठवतं. जोडीला .४५०/४०० ची जड दुनळीही होती, ती मात्र सांगताना गाळली जाते.

मुलगी बालेवाडीच्या रेंजवर .२२ नं सराव करते. डब्यावर 'दीड मैलापर्यंत धोकादायक' असं छापलेलं असतं. एवढी ताकद असेल तर रानडुक्कर का पडणार नाही? (बाणेर)

डब्यावरची सूचना चुकलेली गोळी कुठवर जाऊन पडेल ते सांगते. पोचल्यावर ती किती खोल शिरेल हे त्यातून कळत नाही.

.२२ एलआर (रेंजवरचं काडतूस ते हेच) आणि .२२३ हे मोठं काडतूस, यांच्या गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखीच. फरक मागे आहे. .२२ च्या पुंगळीत टोपीचा मसाला तळाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो. चापाची सुई तो काठ चेपून बार उडवते, म्हणून तिथलं पितळ पातळच ठेवावं लागतं आणि जास्त दाब त्याला सोसत नाही. दारू जेमतेम एक-दीड ग्रेन. .२२३ मध्ये ती पंचवीसच्या आसपास असते. त्यामुळे .२२ ची ४० ग्रेनची शिशाची गोळी १४० ते १९० जूल देते आणि .२२३ ची ५५ ग्रेनची सुमारे १,७४०. शिवाय ५० मीटरला नेम बसवलेली .२२ ची गोळी १०० मीटरवर वीतभर खाली जाते.

मोठ्या नर डुकराच्या फऱ्यावर कातडीखाली चिवट, तंतुमय थर असतो, त्याखाली खांद्याचं हाड आणि मग बरगड्या. ही गोळी त्यातच अडकते. जनावर पळतं आणि आठवड्यानं कुठेतरी सडून मरतं.

कॅनडातल्या अल्बर्टात १९५३ मध्ये बेला ट्विन या बाईंनी .२२ नं प्रचंड ग्रिझली अस्वल मारलं, हे उदाहरण हमखास पुढे केलं जातं. अस्वल अगदी जवळ आलं होतं, गोळी डोक्याच्या बाजूला पातळ हाडावर बसली, आणि ते पडल्यावरही त्यांनी डोक्यात आणखी गोळ्या घातल्या. दुसरा इलाज नव्हता म्हणून केलेली गोष्ट आहे ती.

कागदावर मात्र या काडतुसाला तोड नाही. स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं ते .२२ नंच. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं.

भाऊ नामिबियात असतो. पुढच्या हंगामात तिथल्या एका फार्मवर रीतसर परवान्यानं शिकारीला जायचं आहे. यजमानांकडे .२२३ आहे, ती पुरेल का? (औंध)

स्प्रिंगबोकसाठी (हरणासारखं लहान जनावर) पुरेल. तिथे स्प्रिंगबोकला किमान १,३५० जूल लागतात. कुडू आणि ओरिक्स या त्याच्याहून मोठ्या जनावरांना २,७००, म्हणजे .२२३ बाद. १०० ग्रेनची .२४३ सुद्धा २,६४० च्या आसपास थोडक्यात हुकते. त्यांच्यासाठी दुसरी रायफल मागा. देशोदेशीचा हिशेब वेगळा असतो. इंग्लंडात बहुतेक हरणांना किमान .२४० ची नळी आणि १,७०० फूट-पौंड (सुमारे २,३०० जूल) लागतात, तिथे .२४३ काठावर पास. जर्मनीत रानडुकराला किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २,००० जूल, तिथे तीच .२४३ नापास.

आता गोळी. डब्यावर 'वार्मिंट' लिहिलेलं असेल तर ती ठेवून द्या. कोल्ह्यासारख्या लहान जनावरावर फुटून जावी म्हणून ती बनवलेली असते. फऱ्यावर बसली की वरच्यावर भुगा होतो, तळहाताएवढी जखम दिसते आणि फुफ्फुसं शाबूत राहतात. पूर्ण कवचाची गोळीही नको. ती विणायच्या सुईसारखी आरपार जाते आणि जनावर लांबवर पळतं. ५५ ते ६२ ग्रेनची, शिसं कवचाला जोडलेली सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) किंवा सबंध तांब्याची गोळी मागा.

गोळी जड म्हणजे लांब, आणि लांब गोळीला नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. यजमानांना पीळ माहीत नसेल तर रिकाम्या रायफलीत मोजता येतो. बोल्ट काढा, मोकळी फिरणारी मूठ असलेल्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत घाला. गजावर मार्करनं वरच्या अंगाला एक खूण करा आणि सावकाश ओढा. खूण पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत गज किती इंच बाहेर आला, तो तुमचा पीळ. बारा इंचांना एक फेरा असेल तर ५५ ग्रेनवर थांबा. ७७ ग्रेनची गोळी त्या नळीतून डगमगत निघते. कागदावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या भोकासारखी लांबट चीर दिसली तर तेच झालं असं समजा.

जनावर आडवं उभं असेल तेव्हाच बार टाका. पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं नजर वर न्या आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम ठेवा. समोरून किंवा पाठमोऱ्या जनावरावर .२२३ नको, फुफ्फुसापर्यंत पोचायच्या आत गोळी संपते. अंतर १५० मीटरच्या आत ठेवा.

लहान बोअरची खरी अडचण बारानंतर येते. रक्ताचा माग मुख्यतः गोळी बाहेर पडते त्या भोकातून मिळतो, आणि .२२३ पुष्कळदा आतच राहते. म्हणून बार झाल्यावर जनावर शेवटचं कुठे दिसलं ते झुडूप नजरेत धरून ठेवा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, अर्ध्या तासानं मागावर जा. काळपट रक्त यकृताचं, तिथे जास्त थांबावं लागतं. हिरवट आणि वास येणारं असेल तर गोळी पोटात बसली आहे. चार-सहा तास हलू नका, नाहीतर जनावर उठून आणखी लांब जातं.

रानडुकरं भुईमूग उकरतात. घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आहे. मारलं तर चालेल? (जुन्नर तालुका)

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. नुकसानीचा पंचनामा आधी करून घ्या.

परवानगी मिळालीच तर आपल्याकडे .३१५ बरी. .३०३ निषिद्ध बोअरमध्ये मोडते, म्हणून ही रायफल नागरिकांत रुळली. तिची २४४ ग्रेनची सॉफ्ट नोज गोळी डुकराला पुरून उरते. बारा बोअरमध्ये खडकीचं केएफ एलजी (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) घेतलंत तर तीस मीटरच्या पुढे बार टाकू नका, छर्रे फाकतात.

ग्रेन म्हणजे नक्की किती? (सदाशिव पेठ)

सुमारे १५.४३ ग्रेनचा एक ग्रॅम. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची, पण जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याची. हल्ली पेढीवर दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो धरू नका.