ट्रकच्या एसीचा पंखा फक्त चार नंबरवर चालतो, नवा रेझिस्टन्स टाकला तोही जळाला. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २४ व्होल्टची आहे, लासलगावहून कांदा भरता, ब्लोअर (एसीचा पंखा) १, २, ३ वर अजिबात फिरत नाही आणि ४ वर व्यवस्थित फिरतो. रेझिस्टन्स (पंख्याचा वेग कमी करणारा तारेच्या कॉइलचा भाग) बदलल्यावर सगळे स्पीड आले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गेले. मेकॅनिक आता परत नवा रेझिस्टन्स टाकू म्हणतोय. माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचं आहे आणि ठामपणे सांगतो, त्याला आधी थांबवा. रेझिस्टन्स आपणहून जळत नाही, त्याला कोणीतरी जाळतं. ते शोधल्याशिवाय तिसराही जाईल.

आत काय घडतं ते बघा. चार नंबरला मोटरला पूर्ण व्होल्टेज थेट मिळतं, रेझिस्टन्सचा संबंधच येत नाही. खालच्या तीन स्पीडना वाटेत तारेच्या तीन कॉइल एकापुढे एक लावलेल्या असतात. तीन नंबरला करंट एका कॉइलमधून जातो, दोनला दोन, एकला तिन्ही. मोटरच्या बाजूची शेवटची कॉइल तिघांच्याही वाटेत येते आणि बहुतेक रेझिस्टन्समध्ये तिथेच एक छोटा थर्मल फ्यूज असतो. रेझिस्टन्स अति तापला की तो उडतो. मग १, २, ३ एकदम बंद आणि ४ शाबूत, म्हणजे नेमकं तुमचं दुखणं.

कोणता स्पीड मेला यावरूनच निम्मं निदान होतं. फक्त १ गेला तर पहिली कॉइल तुटली. १ आणि २ गेले तर मधली. पण २ एकटाच मेला आणि १ चालतोय, तर दोष कॉइलमध्ये असूच शकत नाही, कारण १ चा करंटही त्याच वाटेने जातो. तिथे स्विचचा पॉइंट किंवा त्या नंबरची वायर बघायची. ४ एकटाच मेला तर रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), त्याचा फ्यूज किंवा पुन्हा स्विच. आणि १ वर पंखा उठत नाही, पण ४ वर उठवून खाली १ वर आणला की फिरत राहतो, असं असेल तर रेझिस्टन्सला हातही लावू नका. मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) जाम झालाय. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत या कॉइलच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हा हिशोब लागू पडत नाही.

आता जाळतं कोण? एक नंबरवर रेझिस्टन्सवर १५ व्होल्ट पडत असतील आणि ३ अँपिअर वाहत असतील, तर ४५ वॉट उष्णता त्या तळहाताएवढ्या तुकड्यात तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं! म्हणून तो मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या झोतात बसवतात. हवा कमी पडली की तो भाजून निघतो. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय कांद्याच्या सालपटांवर आहे. ती वाऱ्याने उडून काचेखालच्या जाळीतून आत जातात, फिल्टरवर थर बसतो, काही थेट पात्यांत आणि रेझिस्टन्सच्या कॉइलवर चिकटतात. फिल्टर काढा, जाळी साफ करा, ब्लोअरचं चाक बाहेर काढून पाती ब्रशने मोकळी करा.

दुसरा संशय मोटरवर. बॅटरीची निगेटिव्ह काढून चाक हाताने फिरवा. ते सहज फिरून हळूच थांबलं पाहिजे. अडकत, घासत असेल तर मोटर जास्त करंट ओढतेय. करंट दीडपट झाला तर रेझिस्टन्समधली उष्णता सव्वादोनपट होते. निगेटिव्ह परत लावून ४ नंबरवर मोटरच्या वायरला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा आणि आकडा मोटरवरच्या पट्टीवर छापलेल्या अँपिअरशी ताडा. पट्टीपेक्षा बराच जास्त आला तर मोटर दोषी. कमी आला आणि झोतही मंद असेल तर मोटरला सोडा, हवेची वाट तुंबलीय. पात्यांना ढकलायला हवाच नसली की करंट उलट कमी भरतो. हे बऱ्याच जणांना पटत नाही, मोजून बघा.

रेझिस्टन्स काढताना कपलर (वायरी जोडणारा प्लग) नीट बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, पिना सैल झाल्यात, तर तो कपलरही बदलायचा, तेवढ्याच जाडीच्या वायरने. भाजलेल्या कपलरमध्ये नवा रेझिस्टन्स खोचला तर तोच सांधा पुन्हा तापतो. मोटरचं अर्थिंगसुद्धा (निगेटिव्ह बाजूची जोडणी) तपासा: पंखा ४ वर चालू असताना मोटरची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर फरक नको.

कोणी “डायरेक्ट करून देतो” म्हणालं, म्हणजे थर्मल फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा, तर साफ नाही म्हणा. तो फ्यूज डॅशबोर्डच्या आत आग लागू नये म्हणून आहे, आणि त्याच केबिनमध्ये तुम्ही रात्री झोपता. फ्यूज बॉक्समध्ये मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणंही तसंच. रेझिस्टन्स २४ व्होल्टचा आणि तुमच्याच मॉडेलचा घ्या. १२ व्होल्टचा तसाच दिसणारा बसेलही, पण त्याचे ओहम वेगळे असतात.

हे काम मागे टाकू नका. एसी ही चैन आहे असं मालक म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती उगाच नाही. शिवाय काचेवरचं धुकं घालवणारा पंखाही हाच. पावसात कसारा घाटात काच धूसर झाली की ४ वरचा आवाज सहन करत गाडी चालवावी लागते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

तोवर ४ वर चालवायला हरकत नाही, फक्त १ ते ३ वर स्विच ठेवून देऊ नका. करंटचा आकडा आणि मोटरवरच्या पट्टीचा फोटो इथे टाका, मोटर बदलायची की नाही ते त्यावरून सांगतो.