वेस्ट लेकला एका दिवसात जाताय? मग घाई घरी ठेवा

वेस्ट लेक हे चीनच्या हांगचौ शहरातलं तळं. शांघायहून तिथे बुलेट ट्रेनने साधारण तासभर लागतो. तिकीट पासपोर्टवर निघतं, तो विसरू नका. मेट्रोने लोंगश्यांगच्याओला उतरलात की तळं चालत पाच-दहा मिनिटांवर. तळ्याला तिकीट नाही.

पहिल्या वेळी मी अख्खी प्रदक्षिणा घालायला गेलो. पंधराएक किलोमीटर! संध्याकाळी पायांचे तुकडे. तुम्ही तसं करू नका. सकाळी लवकर तुटक्या पुलापासून (नाव तसं, पूल धडधाकट आहे) तळ्यातून जाणाऱ्या बाय बांधावरून निघा, मग सू बांध धरा. कवी सू दोंगपो इथे अधिकारी असताना, 1090च्या सुमारास, तळ्यातला गाळ उपसून त्याचाच हा बांध घातला. लांबी पावणेतीन किलोमीटर, वाटेत सहा कमानदार पूल. चढावर धाप लागली की कठड्याला टेकायचं, विलोच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या बघायच्या.

नावेने मधल्या बेटावर जरूर जा. बेटाजवळच्या पाण्यातले तीन दगडी दिवे एक युआनच्या नोटेवर छापलेत. नोट जवळ ठेवा, फोटोला मजा येते. तळ्याकाठचा लेइफंग पॅगोडा मात्र 1924 साली कोसळला, आत्ताचा 2002चा. वेळ नसेल तर लांबूनच पाहा.

दुपारी लोंगजिंग, म्हणजे इथला हिरवा चहा. काचेच्या ग्लासात पानं उभी तरंगतात, त्यावर पुन्हापुन्हा गरम पाणी ओतून घ्यायचं. दूध-साखर मागू नका, चहा देणारी बाई चमकून बघते!

ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. सुट्टी असते, पुलावर मुंगीलाही जागा नसते. आणि फोनवर अलीपे (पैसे द्यायचं अ‍ॅप) आधीच चालू करून ठेवा.