पायांची आग, आपल्याकडचा उन्हाळा आणि एमएस

ताई, तुम्ही विचारलंय की एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस) निघून वर्ष होत आलं, रात्रभर पायांची आग आग होते, पेनकिलरने काडीचा फरक पडत नाही, घरच्यांना वाटतं नाटकं करते, आणि झेडपी शाळेतली नोकरी सोडून द्यावी का. नोकरीचं शेवटी सांगते, आधी दुखण्याचं. मी काही डॉक्टर नाही, पारोळ्यात आमचं किराणा दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते आणि हे दुखणं बऱ्याच वर्षांपासून घेऊन बसते.

पेनकिलरने फरक पडणार पण नाही. त्या गोळ्या सूज, मुका मार, डोकेदुखी असल्या गोष्टींच्या, आणि आपल्या पायाला तर काहीच झालेलं नसतं. आपल्याच प्रतिकारशक्तीने मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब केलंय आणि बिघाड तिथे आहे, पाय फुकटचा बदनाम होतो. त्यामुळे मेडिकलवरून गोळ्या आणून पोट आणि किडनी खराब करू नका.

माझं म्हणणं एवढंच की डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतं" म्हणू नका. आपल्याला शिकवलेलंच असतं की बाईने सहन करायचं, मग आपण तिथे पण "थोडं दुखतं हो" म्हणून मोकळे होतो आणि ते थोडंच औषध देतात, त्यांची काय चूक. एमएसमधलं दुखणं एक नसतं ना ताई. पायाची सततची आग, मुंग्या, रात्री गोधडीची कड लागली तरी जीव जातो, हे एक. मान खाली घातली की पाठीतून खालपर्यंत करंट गेल्यासारखं होतं ते वेगळं, त्याला लर्मिट साईन म्हणतात, माझं तांदूळ निवडताना व्हायचं, ते क्षणात जातं. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं ते अजून वेगळं (ते पहिल्यांदा झालं तर एमएस आहे म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढून हृदयाचं काही नाही ना ते आधी बघा). पोटरी दगडासारखी होते, पाय आखडतो, ते स्नायूचं. चेहऱ्याच्या एका बाजूला दात घासताना सणक जाते ते परत निराळं. आणि औषधं पण वेगवेगळी आहेत. आगीसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यातलं काहीतरी, आखडण्यासाठी बॅक्लोफेन, चेहऱ्याच्या सणकेला कार्बामाझेपिन. म्हणून कुठे, कसं, किती वाजता, कशाने वाढतं हे एका वहीत लिहून न्या. दोन मिनिटाच्या तपासणीत आठवत काही नाही, आणि शेजारी नवरा उभा असला की तोच बोलत असतो.

या गोळ्यांचं एक आहे, डोस हळूहळू वाढवतात, सुरुवातीला झोप झोप होतं, चक्कर येते, प्रीगॅबालिनने कोणाकोणाचं वजन वाढतं, पायावर सूज येते. ते डॉक्टरला सांगायचं, पण गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, बॅक्लोफेन तर अजिबात नाही, एकदम तोडली तर फिट येऊ शकते. आणि अमिट्रिप्टिलिनच्या चिठ्ठीवरून कोणीतरी शहाणा नातेवाईक सांगेल की ही तर डिप्रेशनची गोळी आहे, तुला वेड लागलंय का. डिप्रेशनचीच आहे, पण नसांच्या दुखण्याला कमी डोसमध्ये देतात, एवढं सांगून विषय संपवायचा. आग पूर्ण जाईल अशी आशा धरू नका, माझी गेली नाही. पण झोप लागायला लागली आणि झोप झाली की तीच आग दिवसा निम्मी वाटते.

आता ऊन. एमएसची माहिती वाचाल त्यात उन्हाचं दोन ओळीत लिहिलेलं असतं, पण आपल्या जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, इथे सगळा संसारच त्याच्यावर चालतो. आवरण खराब झालेल्या नसेतून अंगाचं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी सिग्नल नीट जात नाही. उटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरने १८९० मध्ये हे लिहून ठेवलं, मेहनत केली, अंग तापलं की पेशंटला धूसर दिसायचं. एमआरआय नव्हता तेव्हा एमएस ओळखायला पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे म्हणे, आपल्याकडे नुसतं दुपारी बस स्टँडवर उभं केलं असतं तरी भागलं असतं.

पण हे कळलं की निम्मी भीती जाते. उन्हातून आले, पाय जड झाले, डोळ्यापुढे धुकं आलं, तर गार जागी बसून तासाभरात कमी होतं, त्याने नसांचं नवीन नुकसान होत नाही. खरा अटॅक म्हणजे नवीन त्रास किंवा जुनाच जोरात, ताप नाही इन्फेक्शन नाही, आणि २४ तासाच्या वर टिकला. तेव्हा डॉक्टरला फोन, बहुतेक ३ ते ५ दिवस स्टिरॉइडचं सलाईन देतात. लघवीचं इन्फेक्शन झालं तरी अटॅक आल्यासारखंच वाटतं. आणि ते होतं कशाने तर आपण बाया बाहेर बाथरूमची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. शाळेत तुमचं पण तेच असणार. पाणी प्या, आणि लघवी अडत असेल किंवा कळ सोसत नसेल तर लाज न बाळगता डॉक्टरला सांगा, त्याचे पण उपाय असतात.

घरात म्हणाल तर आमच्याकडे कामं उन्हाच्या हिशोबाने लागलेली आहेत. भाकरी सकाळी सातच्या आत, सगळ्यांच्या एकदाच. आंघोळ साध्या पाण्याने. दुपारी कुलर आणि मानेला ओला पंचा, लाईट गेली तर नुसता पंचा. कुलर कोरड्या हवेतच चालतो, जुलैच्या दमटात तो काही कामाचा नाही, तेव्हा नुसता पंखा बरा. गच्चीवर अनवाणी कधी जायचं नाही, पाय बधिर असतो, फोड आल्यावर कळतं. शेकायची पिशवी पण बधिर जागेवर नको. बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) वेळी सगळ्या बाया पहाटे जमतात, पण चुलीवरचा घाटा हाटायला मी जात नाही, मी सावलीत बसून थापते आणि उजाडून ऊन तापायच्या आत घरात येते. पहिल्या वर्षी सासू म्हणाल्या, "तुले काय व्हयनं, तू ते चांगली दिसी ऱ्हायनी." त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता, पुढच्या वेळी त्यांना सोबत घेऊन डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं साहेब तुम्हीच सांगा. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोणी मला उन्हात बोलावलं तर त्याच आधी नाही म्हणतात. तुमच्या घरी जो सगळ्यात जास्त नाटक म्हणतो त्यालाच घेऊन जा.

जडीबुटीवाले, अंगारेवाले येतीलच. तेल लावून बरं वाटत असेल तर लावा, मी पण लावते. पण जो म्हणेल की आधी डॉक्टरचं औषध बंद करा, त्याला दारातूनच वाटे लावायचं. अटॅक कमी करणारं जे चालू औषध असेल ते बरं वाटतंय म्हणून सोडायचं नाही.

आता नोकरी. सोडू नका, निदान आत्ता तरी नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस नाव घेऊन आहे. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाईन अर्ज करून सिव्हिलला तपासणी होते, अपंगत्व ४० टक्के किंवा वर आलं तर सवलती मिळतात, आणि जाताना एमआरआय, जुने पेपर सगळे न्या कारण आपण दिसतो चांगल्या. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद पण खाली आणता येत नाही, ते काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, हे त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. मुख्याध्यापकांकडून खालच्या मजल्यावरचा वर्ग आणि खुर्ची मागून घ्या, लेखी. मुंबईच्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाला पण विचारा, १९८५ पासून आपल्यासारख्यांसाठीच काम करतात. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते म्हणजे शिकवणं निभेल, तुमचा खरा प्रश्न निवडणुकीची ड्युटी आणि घरोघरचा सर्व्हे. त्यातून सूट मिळावी म्हणून सर्टिफिकेट जोडून अर्ज आधीच टाकून ठेवा, ऑर्डर निघाल्यावर तहसीलला नाव कमी करणाऱ्यांची रांग लागते आणि ती रांग पण उन्हातच असते.